डॅशबोर्ड हिरवा, पण कागदावर तारीखच नाही : आमच्या चार्टर शाळेच्या बॅक-ऑफिस सेवेबद्दल

कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या चार्टर शाळेच्या बोर्डावर मी तीन वर्षं खजिनदार आहे. धाकटी तिथे तिसरीत होती, तेव्हा "तुम्ही अकाउंट्समधल्या ना?" एवढ्या एका चौकशीवर माझी वर्णी लागली. शाळेने हिशेब, हजेरीचे अहवाल आणि कम्प्लायन्स (म्हणजे सरकारी नियम पाळल्याचे कागद सांभाळणं) ही तिन्ही कामं बाहेरच्या एका बॅक-ऑफिस कंपनीला दिली आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, या धंद्यात माणसं कमी आणि ओळखी जास्त. करार संपत आला म्हणून यंदा मी जुने सगळे कागद पुन्हा चाळले. कुणी मराठी पालक अशा बोर्डावर जायच्या बेतात असतील तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची, पण स्वतःचं बोर्ड असलेली शाळा. परवाना बहुतेक वेळा स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, देतं. त्यालाच ऑथोरायझर म्हणायचं, आणि देखरेखही त्यानेच करायची. वर्षातून निदान एक भेट द्यायची, पैशाची तब्येत बघायची. त्याबद्दल ते शाळेच्या उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत फी घेऊ शकतं. जागा जवळपास फुकट दिली असेल तर तीन टक्क्यांपर्यंत. आमच्याकडे भेटीला येणाऱ्या बाई भल्या आहेत, पण त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत आणि आमच्या वाट्याला एक सकाळ येते.

म्हणून ही सेवा. आधी तिचं कौतुक करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. बजेट १ जुलैला, गेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे १५ सप्टेंबरला, पहिला अंतरिम अहवाल १५ डिसेंबरला, दुसरा १५ मार्चला. ऑडिटचा रिपोर्टही त्याच १५ डिसेंबरला. तीन वर्षांत यातली एकही तारीख चुकली नाही. दर महिन्याला येणारं पॅकेट स्वच्छ असतं, रोख शिल्लक पहिल्याच पानावर. कंपनीतली आमच्या हिशेबाची बाई फोन उचलते आणि "बघून सांगते" म्हणाली की त्याच दिवशी सांगते.

कंपनीचं कम्प्लायन्सचं पोर्टल, म्हणजे कागद चढवायची वेबसाइट, मात्र वेगळंच प्रकरण आहे. प्रत्येक कामापुढे एक गोल. काम बाकी असेल तर लाल, कागद चढवला की हिरवा. दुसऱ्या वर्षी ऑडिटरने इंडिपेंडंट स्टडीच्या फाइली तपासायला मागितल्या. मूल काही दिवस शाळेबाहेर राहून अभ्यास करणार असेल तर त्याचा लेखी करार लागतो, त्यावर सह्या आणि तारखा लागतात. आदल्या संध्याकाळी ऑफिसात बसून मी त्यातल्या एक-दोन सहज उघडल्या. पोर्टलवर सगळं हिरवंगार. एका करारावर आईची सही निळ्या शाईत, ठसठशीत, आणि शेजारचा तारखेचा रकाना कोरा. बारा दिवसांचा करार होता. शाळेला पैसे हजेरीवर मिळतात, आणि असा अर्धवट करार ऑडिटरच्या हाती लागला की ते दिवस हजेरीतून जाऊ शकतात. सकाळी आम्हीच तो ऑडिटरपुढे ठेवला आणि ते बारा दिवस वगळायला सांगितले. मागची तारीख टाकून घेऊ, असं सुचवणारं माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतंच, आमच्याकडेही निघालं. मी नाही म्हटलं.

कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "फाइल अपलोड झाली की नाही एवढंच सिस्टीम बघते." मग हिरवा रंग कशाला देता? "पोचली" एवढं लिहा की!

दुसरी गंमत अजेंड्याची. २०१९ मध्ये एसबी १२६ हा कायदा झाला आणि राज्यातल्या सगळ्या चार्टर बोर्डांना ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे सभा लोकांसाठी खुल्या ठेवायचा कायदा, लागू असल्याचं स्पष्ट झालं. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा, वेबसाइटवरही आणि लोकांना मोकळेपणी वाचता येईल अशा जागीही. शुक्रवारी दुपारी पोर्टलवर हिरवा गोल आला. सोमवारी सकाळी लेकीला सोडायला गेले तर फाटकाबाहेरचा फलक रंगवायला काढलेला, आणि अजेंडा आतल्या कॉरिडॉरमध्ये चिकटवलेला. म्हणजे शनिवार-रविवार कुलपाआड. अंतरिम अहवाल मंजूर करायची सभा, आणि १५ तारीख गुरुवारी! ती सभा रद्द केली, लगोलग २४ तासांच्या नोटिशीवर मंगळवारी संध्याकाळी खास सभा बोलावली आणि अहवाल वेळेत गेला. ही वाट पोर्टलने नाही, हिशेबाच्या त्याच बाईने सुचवली.

तिनेच मला एकदा वाचवलंय. सुट्टीत पुण्याला गेले असताना व्हिडिओवरून सभेला बसायचा माझा विचार होता. ती म्हणाली, मग तिथला पत्ता अजेंड्यावर छापावा लागेल, अजेंडा त्या दारावर लावावा लागेल आणि कुणी सभेला आलं तर आत घ्यावं लागेल. सासूबाईंच्या फ्लॅटच्या दारावर कॅलिफोर्नियातल्या शाळेचा अजेंडा! मी ती सभा सोडली.

एवढा काच कशासाठी, असं नवरा विचारतो. बोर्डावरच्यांनी आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करायला दरवर्षी १ एप्रिलपर्यंत भरायच्या फॉर्म ७०० मध्ये त्याचे शेअरही लिहावे लागतात, हा त्याचा खरा राग. मी त्याला ए-थ्री प्रकरणाची आठवण करून देते. २०१९ मध्ये सॅन डिएगोत अकरा जणांवर आरोप ठेवले गेले. ऑनलाइन चार्टर शाळांच्या नावावर खेळाच्या संघांमधली मुलं दाखवून राज्याकडून पैसे उकळले होते. तिथेही परवाने देणारी डिस्ट्रिक्टं होती, देखरेखीची फी घेतली जात होती.

आमचा दर उत्पन्नाच्या दीड टक्का, वर पोर्टलचे वेगळे पैसे. यंदा बोर्डापुढे मी दोन्ही वेगळे मांडले. हिशेब आणि हजेरी चालू ठेवली, पोर्टल बंद केलं. तारखांसाठी शेअर केलेली साधी शीट आहे, आणि तिच्यात "कुणी उघडून वाचलं" असा एक रकाना, त्यात आद्याक्षरं टाकायची. पहिल्याच महिन्यात एका शिक्षिकेच्या क्रेडेन्शियलची (शिकवायच्या परवान्याची) मुदत संपत आल्याचं त्यातून कळलं.

एकच कॅम्पस, स्वतःचा हिशेबनीस ठेवणं परवडत नाही, अशा शाळेने ही सेवा जरूर घ्यावी. सही करण्याआधी मात्र तुमची फाइल कुठली व्यक्ती बघणार ते नावानिशी विचारा, आणि करार मोडायच्या नोटिशीची मुदत वाचा. आमच्यात ती ९० दिवस होती. आम्हाला उशिरा कळलं, त्यामुळे बंद केलेल्या पोर्टलचं बिल अजून दोन महिने येणार आहे.