फुकटचा जुना नकाशा, फ्लेक्सची प्रिंट अन् आमची आर्वी

रेटिंग आधीच सांगून टाकतो, नकाशाले चार स्टार, प्रिंटले दोन.

टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने भारताचे जुने टोपो नकाशे (डोंगर-उंची, नद्या, रस्ते, गावं दाखवणारे) स्कॅन करून नेटवर फुकट टाकलेत. अमेरिकन आर्मीच्या मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात छापलेली यू ५०२ सिरीज. लॉगिन नाही, ओटीपी नाही, क्लिक केलं की फाइल खाली. आपल्या भागाची, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची, शीट एनएफ ४४-१३.

पण इथेच पहिली बोंब. ही शीट वर २१ अक्षांशावर संपते अन् आर्वी आहे २० अंश ५९ मिनिटांवर, म्हणजे गाव नकाशाच्या पार वरच्या काठाले लटकलेलं. आष्टी पाहायची तर वरची शीट वेगळी, अमरावतीसाठी आणखी तिसरी. स्केल एकाला अडीच लाख, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये अडीच किलोमीटर, त्यामुळे गावातल्या गल्ल्या, पेठा, जुनी जिनिंग यातलं काहीच दिसत नाही. ज्याले आपला वाडा शोधायचा आहे त्याने यात टाइम घालवूच नये.

मग चार स्टार काऊन? गावाच्या बाहेर पाहा ना. पुलगाव-आर्वी नॅरोगेजची रेघ विरूळ, रोहण्याच्या बाजूने वर येऊन आर्वीत संपते, पुढे काही नाही. ३५ किलोमीटरची लाइन, नकाशावर जेमतेम १४ सेंटीमीटर. १९१७ ची. त्याच्या आधी आर्वीचा सारा कापूस बैलगाड्यांनी पुलगावले जाय, तिथे मुंबईची मोठी लाइन होती म्हणून. ही रेघ पाहिली की आर्वीचा बाजार कोणाच्या भरवशावर वाढला ते लगेच डोक्यात शिरते. आता गाडी बंद आहे हे काय सांगायचं.

अन् पश्चिमेले वर्धा नदी. आपल्याले ती फक्त जिल्ह्याची हद्द वाटते, पण एकेकाळी नदीच्या आपल्या बाजूले नागपूरकर भोसल्यांचा मुलूख अन् पलीकडे निजामाचा वऱ्हाड होता, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला तरी कागदावर निजामाचाच होता.

मी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेलो. पोरगा म्हणे, "भाऊ, फोटो कोणाचा टाकायचा?" म्हटलं कोणाचाच नाही, नकाशा आहे. तरी खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून जागा सोडलीच त्याने! वरतून फ्लेक्स चमकतो, बारीक गावांची नावं फुटली, उंचीच्या रेषा तर पार पुसल्यासारख्या. मॅट कागदावर प्रिंट मारा, फ्लेक्सच्या भानगडीत पडू नका.

तो फ्लेक्स ओसरीत पसरला तर शेजारचे आबाजी काठी टेकत आले. इंग्रजी वाचता येत नाही, नदीचं वळण पाहूनच ओळखलं. एक तुटक रेघ नदीकडे जात होती, मी विचारलं हा कोणता रस्ता, तर म्हणे, "अबे, हे तर आपल्या वावराजवळची पांदण होय! कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेले याच वाटेनं छकडे जात, नदीतून." त्या पांदणीत आता बाभळी अन् चिखल, अर्ध्या भागावर लोकांनी नांगरून वाही केली, मी तिथून हजार वेळा गेलो असेन पण ती कुठे जाते हे कधी विचारलंच नव्हतं.

मग आबाजींनी बोट धनोडीकडे सरकवलं. तिथे आता निम्न वर्धाचं धरण आहे, नकाशात मात्र नुसती बारीक नदी अन् काठाने गावं. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे माह्या मामाचं गाव." नाव फ्लेक्सवर फुटलेलं, मी मोबाइलवर मूळ फाइल झूम करून वाचून दाखवलं. स्पेलिंग चुकीचं आहे म्हणाले.

दुसरी प्रिंट टाकतोय, कागदावर, अन् यावेळी वरची शीट जोडून. फ्लेक्स आबाजी घेऊन गेले, कुटाराच्या ढिगावर झाकाले नाही, भिंतीवर लावाले.