टेप की चौकट? मालवणच्या प्रवाळांवर वर्षानुवर्षे नजर ठेवताना

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या प्रवाळांची दरवर्षी नोंद ठेवू पाहणाऱ्या महाविद्यालयीन गटांपुढे आणि हौशी पाणबुड्यांपुढे शेवटी दोनच पर्याय उरतात. तळावर मेजर टेप पसरून तिच्याखाली जे येईल ते पाटीवर लिहीत जायचे, किंवा ठरलेल्या जागी खुणेचे खिळे ठोकून, त्यांवर चौकट टेकवून, दरवेळी खडकाच्या त्याच तुकड्याचे छायाचित्र घ्यायचे. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत आणि आताशा बहुधा चौकटच घेऊन उतरतो. तरी टेपची बाजू लंगडी आहे, असे मात्र मुळीच नाही.

टेपचे पहिले सुख हे की संध्याकाळी होडी धक्क्याला लागेपर्यंत आकडे हातात असतात. 1997 पासून जगभर स्वयंसेवक वापरत असलेली रीफ चेकची पद्धत याच धर्तीची आहे: 20 मीटरचे चार तुकडे, दर अर्ध्या मीटरवर एक नोंद, म्हणजे एकूण 160 बिंदू. संगणकाचे काम जवळजवळ नाही आणि नव्या माणसाला ती लवकर शिकवता येते. शिवाय टेपवरून सरकणारा माणूस वाकून कपारीत डोकावतो, खडकाच्या उभ्या अंगावरचे प्रवाळ पाहतो, जाता जाता समुद्री साळू आणि मासेही टिपतो. वरून घेतलेल्या छायाचित्राला हे साधत नाही.

माझे मन टेपवरून उडाले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. मालवणच्या उथळ पाण्यात वरच्या लाटेची ओढ तळापर्यंत पोचते. टेप दोन्ही टोकांना घट्ट बांधली तरी मधला भाग उचलला जातो, एका दगडावरून सुटून शेजारच्या दगडाला अडकतो, आणि नोंद करणारा ज्या बिंदूवर पेन्सिल टेकवून असतो तोच बिंदू पुढच्या लाटेला हातभर बाजूला गेलेला असतो. मग त्याने आधी पाहिलेले लिहायचे की आता दिसते आहे ते? दाट प्रवाळभिंतीवर अशा सरकण्याने फारसे बिघडत नसावे. आपल्याकडे मात्र प्रवाळ विरळ आहेत. खडकाला चिकटून पसरलेले किंवा गोलसर, लहान लहान, मधे बरीच मोकळी जागा सोडून वाढलेले. समजा, 160 पैकी आठ-दहा बिंदूंखालीच जिवंत प्रवाळ आले, तर पुढच्या वर्षी टेप दोन विती सरकताच त्यांतले दोन-तीन सहज गळतात, आणि कागदावर एका वर्षात पाव प्रवाळ मेल्याचे दिसते. पोराइटिससारखा गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. जो बदल आपल्याला पाहायचा आहे त्याच्या कितीतरी पट टेपच सरकत असेल, तर त्या आकड्यांवरून कोणाशी वाद घालण्याची माझी तरी छाती होत नाही.

चौकटीत हा प्रश्न उरत नाही, कारण तुलना त्याच प्रवाळाची त्याच प्रवाळाशी होते. कडेने शैवाल किती आत सरकले, गेल्या वर्षीचा मेलेला डाग भरून आला का, हे दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की दिसते, आणि शंका आली तर दुसऱ्या कोणालाही ती पुन्हा तपासता येते. पाटीवर लिहिलेल्या ‘पांढरा’ (म्हणजे पाणी तापल्याने रंग गेलेला प्रवाळ) या शब्दाची अशी फेरतपासणी होत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात कोरलवॉचचा, प्रवाळाचा फिकेपणा ताडून पाहण्याचा रंगतक्ता अडकवावा, असे मी सुचवेन. हिरवट, गढूळ पाण्यात कॅमेरा रंगांची वाट लावतो. पण तक्ताही त्याच पाण्यातून टिपला गेल्याने फिकेपणाचा अंदाज बराचसा टिकतो.

चौकटीचे जाच वेगळे आहेत. हे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि कठीण प्रवाळांच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये येतात. तेव्हा खिळा उघड्या खडकातच ठोकायचा असला तरी वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी, आणि तिला वेळ लागतो हे धरून चालावे. पावसाळ्यानंतर काही खिळे वाळूखाली जातात, तर काही सरगॅसम या समुद्री शैवालाच्या रानात हरवतात. ते शैवाल हलक्या हाताने बाजूला धरायला दुसरा माणूस लागतोच. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. होडी जागेवर आणण्यापुरता तो ठीक. पुढे किल्ल्याचा बुरूज आणि किनाऱ्यावरची ठरलेली खूण एका रेषेत धरणारा तांडेल अधिक उपयोगी पडतो. कोरलनेटसारख्या संकेतस्थळावर छायाचित्रांवरचे बिंदू ओळखण्यात संध्याकाळी जातात त्या वेगळ्याच. आणि चौकट फक्त स्वतःपुरते बोलते; खिळे ठोकताना आपण नकळत देखणे प्रवाळ निवडले असतील, तर ‘मालवणचे प्रवाळ सुखरूप’ असे विधान त्यावरून करू नये.

वेळापत्रक दोन्हींना एकच. निवळ पाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले, दिवस धरावेत आणि दुसरी फेरी मेमध्ये, पाऊस येण्यापूर्वी करावी. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वाधिक तापते, आणि त्यानंतरचे तीन-चार महिने आपण डोळे बांधल्यासारखेच असतो. मेमध्ये पांढरा पडलेला प्रवाळ सावरला की मेला हे पाऊस सरल्यावर ठरवायचे, तर पूर्वीचे छायाचित्र हाताशी असलेले बरे. नोआ या अमेरिकी सागर-हवामान संस्थेचा उपग्रहावरून मोजलेला उष्णताताण (पाणी नेहमीपेक्षा किती अंश आणि किती आठवडे जास्त तापले याचा हिशेब) 4 अंश-आठवड्यांकडे सरकू लागला, तर फेरी आधी उरकावी.

हे सारे किनाऱ्यालगतच्या उथळ खडकांबद्दल झाले. आंग्रिया बँकेवर, म्हणजे अरबी समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळ-उंचवट्यावर, जाणार असाल तर माझा कल उलटा आहे. विजयदुर्गपासून समुद्रात शंभराहून अधिक किलोमीटर आत, जिथे माथाच सुमारे 20 मीटर खोल आहे आणि तळाशी थांबायला मोजकी मिनिटे मिळतात, तिथे पुढच्या वर्षी तोच खिळा सापडेल याचा भरवसा धरता येत नाही. तिथे टेपच न्यावी, आणि एकाने तिच्यावरून सलग व्हिडिओ घेत जावे.