पोरांना घेऊन कॉमिक कॉन: शनिवार बरा की शेवटचा रविवार?

कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स, सिनेमे आणि गेमच्या चाहत्यांचा शनिवार-रविवारचा मेळा, बरेच जण आवडत्या पात्राचा पोशाख घालूनच येतात. साताऱ्याहून पुण्याच्या किंवा मुंबईच्या कॉमिक कॉनला जायचं ठरलं की घरात पहिला वाद तिकिटाच्या पैशांवरून होतो आणि दुसरा दिवसावरून. पोरगी म्हणते शनिवार, कारण मैत्रिणी शनिवारी चालल्यात. बाप म्हणतो रविवार, कारण शनिवारी दुकान बंद ठेवून चालत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात दहा वर्षांच्या आतलं पोर असेल तर शेवटचा दिवस घ्या, तोही सकाळी दार उघडतानाचा. घरातल्या कुणाला एखादी ठरावीक वस्तू किंवा ठरावीक पाहुण्याची सही हवीच असेल, तर मात्र शनिवार.

शनिवारची पहिली अडचण हॉलमध्ये नाही, शाळेत आहे. आपल्याकडे बहुतेक मराठी शाळा शनिवारी सकाळच्या असतात. शाळा सुटल्यावर निघालात तर पोहोचेपर्यंत दुपार टळून जाते आणि अर्ध्या दिवसासाठी पूर्ण तिकीट मोडतं. म्हणजे दांडी मारावीच लागते. रविवारी ही भानगड नाही, पण सोमवारी सकाळी उठवायचं कोण, हा प्रश्न उरतोच. ज्या घरात रात्री दहाला पोरं झोपलीच पाहिजेत असा दंडक आहे, त्यांनी रविवार घेताना परतीची वेळ आधी ठरवावी.

रस्त्याच्या बाबतीत सातारकर नशीबवान. शनिवारी सकाळी पुणे-मुंबईची सगळी गर्दी महाबळेश्वर-पाचगणीकडे येत असते, तेव्हा वाटेतला खंबाटकीचा घाट त्यांच्या गाड्यांनी भरतो आणि आपण बोगद्यातून उलट दिशेला निवांत जातो. रविवारी संध्याकाळी हीच मंडळी माघारी फिरतात, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगा लागतात त्या पुण्याकडे जाणाऱ्यांच्या, आपली बाजू त्या मानाने मोकळी. म्हणजे रहदारीच्या हिशेबात दोन्ही दिवस आपल्याला सोयीचे. फरक पडतो तो घाटाने. जाताना बोगदा असतो, पण येताना जुन्या रस्त्याने घाट चढावाच लागतो, ट्रकच्या मागे मागे, वळणावळणाने. दिवसभर पॉपकॉर्न आणि थंड पेय ढोसलेलं पोर त्या वळणांवर काय करतं, हे सांगायची गरज नाही. पुण्यातून चारच्या सुमाराला निघालात तर शहराबाहेर पडताना लागणारी नवले पुलाची संध्याकाळची कोंडीही चुकते आणि घाट उजेडात पार होतो. जोडून सुट्ट्या आल्या असतील तर हे सगळं गणित कोलमडतं, ते वेगळं.

एसटीने जाणाऱ्यांना दिवसाने फारसा फरक पडत नाही. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या पोरांनाही अर्धं. आई, आजी आणि दोन नातवंडं असा गट असेल तर गाडी काढण्यापेक्षा स्वारगेटची एसटी आणि पुढे रिक्षा हेच स्वस्त पडतं. फक्त पोशाख घालून जाणारं कुणी असेल तर पंख, तलवार वगैरे डोक्यावरच्या रॅकवर मावेल एवढंच करा.

सांगलीकरांचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि इथे मी माझाच सल्ला फिरवतो. सांगलीहून पुणे लांब. सकाळी जाऊन रात्री परत म्हटलं तर दिवसाचा निम्मा वेळ गाडीत जातो. मुंबईची कॉन असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, रात्री बसा, सकाळी मुंबईत. पण रविवारी रात्री परतीची धरली तर सांगलीच्या फलाटावर उतरता उतरता सोमवार उजाडलेला असतो. त्यामुळे लहान पोरं असली तरी सांगलीकरांनी शनिवारच धरावा आणि रविवार झोपेला ठेवावा. एक दांडी परवडली.

आता हॉलच्या आतलं. शनिवारी सगळं नवं असतं. स्टॉलवर माल भरलेला, पोशाखांवर सुरकुती नाही, स्टेजवरचा निवेदक फुल आवाजात. सोळा वर्षांच्या पोराला हेच हवं असतं. गर्दीचं म्हणाल तर रविवार काही रिकामा नसतो, दुपारनंतर दोन्ही दिवस सारखेच तुंबतात. पण रविवारी सकाळचे पहिले दोन तास खरे सुखाचे. आदल्या दिवशी नाचून दमलेली कॉलेजची पोरं उशिरा उगवतात, तोवर बाबागाडी सुद्धा रांगांमधून फिरते.

लहान पोरांच्या दृष्टीने शेवटच्या दिवसाचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. काळ्या चिलखतातला सहा फुटी खलनायक शनिवारी तोऱ्यात चालत येतो आणि चार वर्षांचं पोर आईच्या पदरामागे लपतं. रविवारी तोच गडी भिंतीला टेकून बसलेला असतो, शिरस्त्राण शेजारी काढून ठेवलेलं, खांद्याचा फोमचा तुकडा निखळलाय म्हणून मित्र ग्लू गनने चिकटवतोय. पोर जवळ जातं, बोट लावून बघतं, विचारतं, "हे लोखंड नाही?" बहुतेक कॉस्प्लेअर, म्हणजे असे पोशाख करून येणारे, अशा वेळी हौसेने सांगतात की हा चपलेच्या तळव्याला लावतात तसला फोम आहे, गरम हवेने वाकवला, वरून रंग मारला. भीती गेली आणि एक हस्तकलेचा तासही झाला. फोटो काढायच्या आधी आणि हात लावायच्या आधी विचारायचं, हे मात्र पोरांना गाडीतच बजावा. जगभरच्या कॉनमध्ये हा नियम कडक पाळतात.

खरेदीचं बोलायचं तर शेवटच्या दिवशी भाव पडतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. छोटे प्रकाशक आणि स्वतःची चित्रं विकणारे कलाकार यांना माल परत वाहून न्यायचा नसतो, मंडईत दिवस मावळताना भाजीचं होतं तसं तिथे काहीतरी कमी होतं, तीन प्रिंट घेतल्यावर चौथी हातात मिळते. बाहेरून आणलेल्या, कॉमिक्समधल्या पात्रांच्या महागड्या मूर्तींवर कुणी एक रुपया सोडत नाही. आणि टी-शर्टचं विचारूच नका, उरलेले असतात ते एकतर बाहुलीला येतील असे नाहीतर पैलवानाला. शनिवारचा आग्रह धरणारी पोरगी इथे बरोबर असते. तिला हवा तो साइझ रविवारी मिळेलच याची खात्री कुणी देत नाही.

सॅन डिएगोची मूळ कॉमिक कॉन १९७० पासून भरते आणि तिथे रविवार मुलांचा म्हणूनच ओळखला जातो, कार्यक्रमही तसे आखतात. आपल्याकडे भारतात कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झाली. इथेही रविवार तसाच असेल असं गृहीत धरू नका, त्या त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. आजोबांना सोबत नेत असाल तर अमर चित्रकथेसारखे भारतीय कॉमिक्सचे स्टॉल आहेत का तेही बघून ठेवा. इंद्रजाल कॉमिक्समधला मराठी वेताळ वाचलेल्या पिढीला तिथे खुर्ची मिळाली की ती मंडळी तासभर हलत नाहीत, आणि दमलेल्या धाकट्याला त्यांच्या मांडीवर सोपवता येतं.

रविवारी एक पथ्य पाळा. समारोपापर्यंत थांबू नका. संपायच्या आधी तास-दीड तास स्टॉलवाले आवरायला लागतात, बोळांतून खोक्यांच्या ट्रॉल्या धावतात, दोरखंड आणि पत्रे जमिनीवर, आणि नेमकी तेव्हाच पोरं हात सोडून पळतात. आत शिरल्या शिरल्या पोराच्या मनगटावर पेनाने आपला मोबाईल नंबर लिहा आणि चुकामूक झाली तर भेटायची एक जागा ठरवा. आत नेटवर्क हमखास दगा देतं. गेमिंगच्या भागात आवाज फार असतो, तीन-चार वर्षांच्या पोराला तिकडे नेलंच नाही तरी चालतं.

राहिला दोन्ही दिवसांच्या तिकिटाचा मोह. पुण्यात आत्या किंवा मावशीकडे मुक्कामाची सोय असेल तरच त्यात पडा. अशा वेळी मोठ्याला दादा-ताईसोबत शनिवारी धाडायचं, त्याची खरेदी आणि सही होऊन जाते. धाकट्याला घेऊन आपण रविवारी सकाळी जायचं. हॉटेलचं भाडं भरून दोन दिवस करण्यापेक्षा तेच पैसे पुस्तकांच्या स्टॉलवर उडवलेले परवडतात.