छोट्या ट्रॅक्टरचा रोलर बनवून घेतला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात २४ एचपीच्या ट्रॅक्टरला मागं लावून भुसभुशीत रान दाबायचा रोलर वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतला. तेव्हापासून रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतोय की कितीला पडला आणि याचा उपयोग काय, म्हणून म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

आधी गरज का पडली ते सांगतो. आमचं रान पारनेर तालुक्यातलं, हलकं ते मध्यम, खाली मुरूम, एक दहा गुंठ्याचा तुकडा तेवढा काळा. दोन वर्षांपासून आम्ही कांदा रोप न टाकता पेरतो, मजूरच मिळत नाही लागणीला. पण रोटर मारलेलं रान इतकं भुसभुशीत होतं की पाय घोट्यापर्यंत आत जातो, मग पेरणी यंत्रही त्यात बुडतं, एक दाणा पाव इंचावर पडतो तर दुसरा दीड इंचावर. कांद्याचं बी अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली गेलं की बिचारं वर यायला कुंथतं. गाईंसाठी घास (लसूणघास) करतो त्याचं बी तर आणखी बारीक. घरातले वडीलधारे तात्या म्हणत होते मैंद (रान सपाट करायची लाकडी फळी) ओढ, आम्ही जन्मभर तेच केलं. ओढला पण मैंद. त्यानं रान सपाट होतं, दबत मात्र नाही, वरची माती नुसती पुढं ढकलत नेतो.

तयार रोलर बघितला एके ठिकाणी, ४२ हजार सांगितले आणि तो मोठ्या ट्रॅक्टरचा, आमचं मशीन त्याच्यापुढं लेकरू. मग भंगारात १६ इंची पाईप सापडला, ८ मिली जाडीचा, चार फूट कापून घेतला. ५२ रुपये किलोनं ९६ किलो भरला. चार फूटच का, तर आपल्या मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा आधी, रोलर त्याच्यापेक्षा थोडा रुंद पाहिजे, नाहीतर टायरचा चर तसाच राहतो. माझी रुंदी ४३ इंच आहे, चार फुटात बसली. दोन्ही तोंडाला १० मिलीच्या प्लेटा, मधून ५० मिलीचा शाफ्ट, दोन बाजूला शाफ्ट धरून फिरू देणारी यूसीपी २१० नंबरची पेडेस्टल बेअरिंग, वर ७५ मिलीच्या लोखंडी चॅनलची फ्रेम, ट्रॅक्टरला जोडायच्या खालच्या पिना २२ मिलीच्या, वरच्या टॉप लिंकची १९ ची. मजुरी धरून साडेएकोणीस हजार.

आता घोळ. वेल्डिंगवाल्यानं प्लेटीतलं शाफ्टचं भोक डोळ्यानं अंदाज घेऊन पाडलं. मी पण उभा होतो तिथं चहा पीत, बोललो नाही. चार मिली सरकलं. चार मिली म्हणजे काय मोठं, असं वाटतं ना, पण रस्त्यावर रोलर उड्या मारत आला आणि रानात दर सव्वाचार फुटाला एक जास्त दाबलेली आडवी पट्टी पडायला लागली, कारण घेरच तेवढा आहे. सगळं कापून लेथवाल्याकडं नेलं, आणखी १८०० गेले. वजन वाढवायला रोलरच्या आत पाणी भरतात, त्याचं बूचपण पहिल्याच दिवशी वेल्डिंगच्या जोडातून ठिबकायला लागलं. तुम्ही बनवणार असाल तर प्लेटा सरळ लेथवरच करून आणा, आणि रंग देण्याआधी पाणी भरून एक रात्र ठेवा.

वजनाचं गणित असं आहे की रिकामा रोलर फ्रेमसकट १८५ किलो, आत साधारण १४५ लिटर पाणी बसतं, म्हणजे भरल्यावर ३३०. लिफ्टला काही अडचण नाही, कंपनीच्या पुस्तकात ७५० किलो दिलंय. पण भरलेला उचलून चढावर गाडी घेतली की पुढची चाकं हलकी पडतात, स्टेअरिंग हातात नुसतंच फिरतं. आणि अर्धा भरून कधीच चालवू नका, आत पाणी असं डुचमळतं की अख्खा ट्रॅक्टर मागंपुढं हेलकावतो, मला तर मळमळायला लागलं होतं. एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामा.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेवढा जड तेवढा भारी, हे डोक्यात बसलेलं. नोव्हेंबरात हलक्या रानात पेरणीआधी भरलेला रोलर फिरवला, झकास झालं, टाच रोवली तर जेमतेम अर्धा इंच आत. त्याच जोशात काळ्या तुकड्यात पेरणी झाल्यावर वरून भरलेलाच फिरवला. वरून कोरडं दिसत होतं पण वापसा (काम करण्याजोगी बेताची ओल) नव्हता, खाली जास्त ओल होती. पहिल्या दोन ओळीतच (चाळीस फुटाच्या ओळी आहेत) रोलरला माती चिकटायला लागली, बियासकट. मी उतरून खोऱ्यानं खरवडतोय आणि पुन्हा चालवतोय, थांबायची अक्कल नाही. दुसऱ्या दिवशी स्प्रिंकलर लावला, चौथ्या दिवशी वर अशी खपली धरली की बोटानं उचलली तर पापडासारखी निघत होती. खाली मोड आलेले, वाकडे होऊन मेलेले. पाऊण किलो बी गेलं. तात्या काही बोलले नाहीत, बांधावरून नुसतं बघून गेले, ते जास्त लागलं.

तेव्हापासून नियम एकच, मुठीत माती घेऊन दाबायची, गोळा झाला तर अंगठ्यानं ढकलायचा, भुगा झाला तरच रोलर बाहेर काढायचा. गोळा नुसता चेपला तर घरी जाऊन चहा प्यायचा. आणि पेरणीनंतर कायम रिकामा. पाणी फक्त पेरणीआधी, तेही हलक्या रानातच. नंतर ट्रकच्या जुन्या पाट्याची खरवडणी पट्टी पण बसवली मागून, रोलरपासून पाच मिली सोडून, त्यानं बराच फरक पडला.

खपलीवर उपाय शेवटी तात्यांनीच दिला. रोलरच्या मागं बोराटीची फांदी बांध म्हणाले. खरं सांगतो, लाज वाटली साडेएकोणीस हजाराच्या अवजारामागं काटेरी फांदी बांधायला, पण घासाच्या वेळी बांधली. रोलरनं बी दाबलं जातं आणि काट्यांनी वरचा गुळगुळीत थर ओरखडला जातो, त्यामुळं पाणी दिल्यावर खपली धरत नाही. घास इतका एकसारखा उगवला की शेजारी येऊन फोटो काढून गेले.

वळणावर मात्र तो उचलायलाच लागतो. एकसंध पाईप आहे, बाहेरची बाजू जास्त फिरू बघते आतली कमी, मग एक टोक घासत जातं आणि माती बियासकट गोळा करून कोपऱ्यात ढीग लावतं. बेअरिंगला रोज ग्रीस, आणि कांद्याची वाळलेली पात शाफ्टला गुंडाळते ती विळ्यानं कापायची, नाहीतर सील जातं.

बाकी कामं म्हणाल तर गोठ्यापुढं मुरूम टाकून पाणी मारून दाबला, एक नंबर. मुरघासाच्या (हिरवा चारा दाबून मुरवतात त्या) खड्ड्यात चालवून बघितला, तिथं उपयोग नाही, ट्रॅक्टरची चाकंच जास्त दाबतात, शिवाय रोलरची माती चाऱ्यात जाते ती वेगळीच कटकट.

आता पाणी काढून, बूच उघडं ठेवून, शेडमधी उभा केलाय. पुढच्या वेळी दोन-दोन फुटाचे दोन तुकडे एकाच शाफ्टवर मोकळे फिरतील असं करायचं, म्हणजे वळणाची भानगड मिटेल. पाईप बघून आलोय, पण भंगारवाला आता किलोला ५८ सांगतोय.