नवी थ्रॉटल बॉडी बसवली म्हणून ११,८०० रुपये घेतले, बसवलीच नव्हती

कोल्हापुरात ताराराणी चौकात सिग्नलला थांबलं की माझी गाडी थरथरायची. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा ५५० पर्यंत खाली यायचा, एकदम ९०० वर उडायचा, पुन्हा खाली. दहा वर्षांची पेट्रोल गाडी, एरवी कधी कुरकुर नाही. एक्सलेटर दिला की सगळं सुरळीत, थांबलं की पुन्हा तेच. मग एक दिवस इंजिनचा पिवळा दिवा लागला. चारच दिवसांनी आईला घेऊन कणकवलीला जायचं होतं, राधानगरीवरून फोंडा घाटानं. मी घाबरले होते आणि घाईतही होते.

महामार्गालगतच्या एका मोठ्या गॅरेजात गेले. त्यांनी स्कॅनर लावला आणि पडद्यावरचा पी०१७१ हा कोड मला दाखवला. कोड खरा होता, हे मुद्दाम सांगते, कारण फसवणूक तिथूनच सुरू झाली. त्या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय. का होतेय ते कोड सांगत नाही. कुठून तरी हवा आत शिरत असेल, पेट्रोलचा दाब कमी पडत असेल, इंजेक्टर चोंदले असतील, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. हे एकेक तपासावं लागतं. त्यांनी काहीच तपासलं नाही. "मॅडम, थ्रॉटल बॉडी गेलीय. घाटात गाडी बंद पडली तर आम्हाला बोलू नका." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. आई शेजारी बसली होती. मी हो म्हणाले.

संध्याकाळी बिल हातात आलं: थ्रॉटल बॉडी ११,८००, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) प्रोग्रामिंग ३,५००, मजुरी २,२००. एकूण १७,५०० रुपये. जुनी बॉडी मागितली तर म्हणाले, ती कंपनीला परत जाते. बिलावर पार्ट नंबरही नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

गाडी बरी वाटत होती. दिवा विझला होता, थरथर कमी झाली होती. आम्ही कणकवलीला व्यवस्थित पोचलो. परत येताना दाजीपूरच्या पुढं दिवा पुन्हा लागला, आणि राधानगरीत चहाला थांबलो तर काटा पहिल्यासारखाच नाचत होता. नंतर कळलं की स्कॅनरनं कोड पुसला की दिवा लगेच विझतो, पण दोष तसाच असेल तर काही फेऱ्यांनंतर परत लागतो. थ्रॉटल नुसती स्प्रेनं धुतली तरी चार दिवस फरक जाणवतो.

मग शिवाजी उद्यमनगरात आमच्या जुन्या मिस्त्रींकडं गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक इंजिनवर फिरवत राहिले. मग स्कॅनर जोडून मला जवळ बोलावलं. "ताई, हा आकडा बघा. थांबल्यावर अधिक २४ टक्के, म्हणजे कॉम्प्युटर तेवढं जादा पेट्रोल टाकाय लागलाय. आता रेस करा." २,५०० आरपीएमला तो आकडा ६ वर आला. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेली असते, आतली ओढ जोरात असते आणि इंजिनला हवा थोडीच लागते, म्हणून गळतीची हवा तेव्हा सगळ्यात जास्त जाणवते. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी आहे. त्याच्या पुढून शिरलेली हवा त्याला कळतच नाही.

इनटेक मॅनिफोल्डच्या मागं बोटाएवढी रबरी नळी आहे, इंजिनमधली वाफ परत आत नेणारी. तिच्या वळणावर, खालच्या बाजूला, नखाएवढी चीर होती. वरून दिसतच नव्हती. मिस्त्रींनी त्या चिरेवर अंगठा दाबला आणि काटा ७५० वर येऊन स्थिर झाला. अंगठा काढला की थरथर सुरू. दोन-तीन वेळा करून दाखवलं. नळी ३४० रुपये, मजुरी ५००.

आणि मग त्यांनी विचारलं, "थ्रॉटल बॉडी बदलली म्हणताय? ही रेघ तर मीच मारलीय."

दोन वर्षांपूर्वी सफाईला काढताना त्यांनी पिवळ्या मार्करनं एक रेघ ओढली होती, अर्धी बॉडीवर, अर्धी मॅनिफोल्डवर. ती रेघ अखंड होती. बॉडी नवी असती तर तिच्यावरची अर्धी रेघ तिथं नसती. मी तिथंच उभ्या उभ्या चार फोटो काढले. एवढा राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता, कारण पैशांपेक्षा आईच्या भीतीचा त्यांनी वापर केला होता.

तुमची गाडी अशी थरथरत असेल तर पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी दोष डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. कॉइलवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागावर, संशय असेल तर ती दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघता येते. मिसफायर (सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं) तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब. जुना पार्ट परत हवा, हे गाडी सोडतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि बिलावर पार्ट नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोटो घेऊन गॅरेजात गेले तेव्हा आधी आवाज चढवला, मग "कामावरच्या मुलाची चूक झाली" म्हणून ११,८०० परत केले. प्रोग्रामिंगचे ३,५०० द्यायला अजून तयार नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. त्यांनी ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. कागद तयार आहेत. पहिल्याच पानावर पिवळ्या रेघेचा फोटो लावलाय.