नऊ महिने सीबीटी : बाराशे रुपये आणि टक्क्यांचा रकाना

गेल्या महिन्यात सीबीटीच्या (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, बोलून करायचा मानसोपचार) न गेलेल्या सेशनचे १,२०० रुपये भरले, तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. २४ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी, हा नियम पहिल्या दिवशी मी सही केलेल्या कागदावर आहे, मान्य. पण पुण्याच्या कस्टमरचा ऑडिटर सकाळी साडेनऊला दारात उभा राहिला, मी दहाला मेसेज टाकला आणि सेशन होतं एकला. तीन तास होते की मधे! आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणी ऑर्डर रद्द केली तर निदान कापलेलं मटेरियल दाखवून पैसे मागतो आम्ही. इथं काय कापलं होतं? रिसेप्शनवरच्या मुलीशी दहा मिनिटं वाद घातला. ती बिचारी काय करणार, तिचं तोंड उतरलं, तसा मी गप्प यूपीआय केलं.

सीबीटी म्हणजे काय ते सांगत बसत नाही. विचार, भावना, वागणं हा त्रिकोण एव्हाना सगळ्यांनी मोबाइलवर बघितलाय. वापरून काय झालं तेवढं सांगतो.

माझ्यासारखी माणसं बेळगावात बरीच असतील. बाहेरून सगळं ठीक. २८ कामगार, चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), टिळकवाडीत घर, मुलगी बेंगळुरात इंजिनिअरिंगला. लग्नाकार्यात नातेवाईक भेटले की म्हणणार, "तुझं काय बाबा, सगळं लायनीत आहे." हा लायनीतला माणूस रात्री दीडला उठून तिसरं रेल्वे गेट ओलांडून शॉपवर जायचा, कॉम्प्रेसर बंद आहे का बघायला. तो बंदच असायचा. परत येऊन अंथरुणात मोबाइलवर कॅमेरे बघायचे. डिस्पॅचच्या आदल्या दिवशी क्यूसीच्या (माल तपासणीच्या) पोरानं पास केलेला लॉट मी पुन्हा बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) घेऊन तपासत बसायचो, सगळा नाही तरी निम्मा. लोक त्याला शिस्त म्हणायचे. मीपण तेच म्हणायचो.

मग छातीत दुखायला लागलं. ईसीजी, इको, ट्रेडमिल, साडेआठ हजार रुपये, सगळं नॉर्मल. इतके पैसे घालून काहीच निघालं नाही याचं मला त्यावेळी खरं तर वाईटच वाटलं. फिजिशियननं सात प्रश्नांचा एक कागद पुढं केला. जीएडी-७ म्हणतात त्याला, चिंता किती आहे ते बघायला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, जास्तीत जास्त २१. दहा किंवा वर गेलात की नीट तपासणी करून घ्यायची. माझे १७ आले.

आमच्याकडं कुणी जरा विचित्र वागलं की "धारवाडला नेऊन सोडा" म्हणतात, तिथलं मनोरुग्णालय जुनं. तेव्हा बेळगावात मानसोपचाराच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसायचं म्हणजे खडेबाजारात दवंडीच. म्हणून मी शहाणा कोल्हापूरला गेलो. ११० किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, हत्तरगीला टोल, कोगनोळीला टोल. तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी हिशोब मांडला तर फीपेक्षा डिझेल आणि टोल जास्त. शिवाय कोगनोळीच्या रांगेत आमच्याच गल्लीतला एकजण शेजारच्या गाडीत निघाला आणि काच खाली करून विचारतोय, "कुठं चाललास रे, दवाखान्याला काय?" त्यानं सहज विचारलं होतं. मला घाम फुटला. त्यानंतर दोन सेशन ऑनलाइन केली, कॅम्पातल्या झाडाखाली गाडी लावून, काचा वर करून. एप्रिलचा महिना होता. एसी लावला तर इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणून तेपण सोडलं आणि मुकाट्यानं गावातच शोधलं.

इथल्या थेरपिस्ट मॅडम कन्नडिग आहेत. मराठी समजतं, बोलतातही, लिंगाची गल्लत होते तेवढीच. पहिल्या दिवशी दिलेला फॉर्म इंग्रजीत होता: काय घडलं, काय वाटलं, मनात कोणता विचार आला, त्याच्या बाजूनं पुरावा, विरुद्ध पुरावा, मग जरा नेमका विचार. दीड महिना मी "काय वाटलं" खाली एकच शब्द लिहीत होतो, "अँक्शस". परीक्षेतलं उत्तर असावं तसा. एकदा विचारलं, मराठीत लिहिलं तर चालेल का? इथं पाट्यांवरच्या भाषेवरून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण वहीतल्या भाषेचा निकाल मॅडमनी अर्ध्या मिनिटात दिला. "तुमचा मन ज्या भाषेत ओरडतो, त्यात लिहा."

त्या दिवसापासून वही हलली. पोटात कालवलं, धास्ती, जीव खालीवर, आणि पाच-सहा पानांवर चक्क "लाज". मला वाटत होतं मी घाबरतोय. निम्म्या वेळा मी लाजत होतो. लॉट परत आला तर काय होईल? कस्टमर जाईल. मग? कर्ज अंगावर येईल. मग? असं मॅडम खाली खाली विचारत गेल्या आणि तळाशी निघालं, "लोक म्हणतील, टर्नरचा पोरगा, त्याला कारखाना झेपला नाही." हे वाक्य इंग्रजीत मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. कुणी सुरू करणार असेल तर एवढं एक ऐका, भांडून का होईना पण आपल्या भाषेत लिहा.

आता माझी खरी तक्रार. टक्के. प्रत्येक विचारापुढं लिहायचं, यावर विश्वास किती, शून्य ते शंभर. भावनेचा जोर किती, शून्य ते शंभर. अहो, कशानं मोजायचं? आमच्याकडं साधा प्लग गेज (भोक मापात आहे का बघायचा) वर्षाला कॅलिब्रेशनला जातो, सर्टिफिकेट नसेल तर ऑडिटर लाल शेरा मारतो. आणि इथं मी डोळे मिटून लिहायचं, "धास्ती ७५". मग ७२ का नाही? काल ७५ होती ती आजच्याएवढीच होती का? ही वही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांच्या कामातून आली. १९६० च्या दशकात, स्वतः मनोविश्लेषण शिकलेले असूनही, त्यांनी पेशंटच्या मनात झर्रकन येऊन जाणारे विचार पकडायला सुरुवात केली. २०२१ मध्ये शंभरी पूर्ण करून गेले. मोठा माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण एक मास्टर पीस, बाकी मापं ज्याच्याशी ताडायची तो नमुना, तरी ठेवून जायला हवा होता, याला म्हणायचं ५०, असा.

मग मी माझ्या परीनं दुरुस्ती केली. एक्सेल काढलं. दिवसाला आठ नोंदी, सरासरी, रंगीत आलेख, आठवड्याचा कल. रात्री अकराला बसून दुपारचे आकडे सुधारायचो, दुपारी घाईत चुकले असतील म्हणून. दहाव्या सेशनला प्रिंट काढून नेली, नऊ पानं, स्पायरल बाइंडिंग करून. मॅडमनी उलटून बघितली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "सर, हा शीट तुम्ही कितीदा चेक केला?"

मी गप्पच झालो. कॉम्प्रेसर, कॅमेरे, बोअर गेज, त्याच रांगेत चौथं हे एक्सेल. भीती तात्पुरती दाबायला आपण जे सारखं करत राहतो, त्यानं भीती टिकून राहते, कारण ते केलं नसतं तर काय झालं असतं हे कधी कळतच नाही. हे मला तिसऱ्या सेशनलाच समजावलं होतं आणि मी मान डोलावली होती. बाइंडिंगचे चाळीस रुपये गेले ते वेगळे.

तिथून पुढं वहीत दिवसाला एकच नोंद, पेनानं, खाडाखोड करायची नाही. आणि प्रयोग. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचा ४०० नगांचा लॉट मी हात न लावता सोडायचा. आधी वहीत भाकीत, "लॉट परत येणार, ९० टक्के". त्या रात्री दीडला जाग आलीच. शॉपवर जायचं नाही, कॅमेरा बघायचा नाही, पडून राहायचं. धास्ती ८५. बायको म्हणाली, "काय करालाय हो, झोपा की." चाळीस मिनिटांनी ५० वर आली. तीननंतरचं आठवत नाही, म्हणजे झोपलो असणार.

तीन आठवड्यांनी डेबिट नोट (खराब नगांचे पैसे कापल्याचा कागद) आली. तीन नग रिजेक्ट. मी जुनी फाइल काढली. याच बॉडीचे आधीचे सहा लॉट, माझ्या हातून तपासून गेलेले: २, ४, ३, १, ३, २. सरासरी अडीच. म्हणजे इतक्या रात्री जागून मी लॉटमागं अर्धा नग वाचवत होतो. तोही वाचवला असेल तर. हा हिशोब मी क्यूसीच्या पोराला दाखवला नाही, पण पुढच्या महिन्यात त्याचा पगार वाढवला.

आणि त्या रात्रीवरून टक्क्यांबद्दलचं मतही थोडं बदललं. ८५ खरे होते का, देव जाणे. पण ८५ चे ५० झाले हे खोटं नव्हतं. आमच्याकडं डायल इंडिकेटर असतो. त्याचा शून्य कुठंही लावा, माप सांगणं हे त्याचं कामच नाही, फरक तेवढा दाखवतो. मी डायलकडून नेमकं माप सांगणाऱ्या मायक्रोमीटरचं काम मागत होतो. हे मॅडमना सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं. तरी रकान्याचं नाव "टक्के" ठेवू नये असं माझं अजूनही मत आहे. टक्के म्हटलं की माणूस दशांश शोधतो.

हे निम्मं लिहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. बुडवलेलं सेशन नेमकं याच प्रयोगानंतरचं होतं. आणि ऑडिटर आला त्या दिवशी क्यूसीचा पोरगा हजर होता, कागद तयार होते, माझं काम चहा पाजण्यापुरतंच होतं. मी शॉपवर थांबलो कारण मला थांबायचं होतं. हे बायकोला आधीच कळलं होतं, ती बोलली नव्हती एवढंच.

पैशांचं सांगून ठेवतो, कारण ते कुणी सांगत नाही. ५० मिनिटांचे १,२००, म्हणजे मिनिटाला २४ रुपये. माझ्या व्हीएमसीचा ताशी दर ५०० च्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ तीन मशीन एकदम चालल्यासारखं. गावात १६ सेशन झाली, पैसे १७ चे गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं असं आहे, पण माझी पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय कशालाच पैसे देत नाही, मग मन असो की गुडघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारून घ्या, विचारायला लाजू नका. ते गोळ्या देत नाहीत, गोळ्यांसाठी सायकियाट्रिस्ट वेगळे. मला लागल्या नाहीत, माझ्या मेहुण्याला लागल्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि अगदीच खिशात नसेल किंवा रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास, भाषाही निवडता येते. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर कोगनोळीचे तीन टोल वाचले असते.

सध्या जीएडी-७ वर ६ आहे. सेशन महिन्यातून एकदा. संध्याकाळी साडेसहा ते सात हा काळजीचा वेळ ठरवलाय, दिवसभर आलेल्या काळज्या चिठ्ठीवर टिपून तेव्हाच बघायच्या. निम्म्या चिठ्ठ्या वाचताना आपणच का लिहिल्या ते आठवत नाही. कॅमेऱ्याचं ॲप फोनमधून काढलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत परत घातलं, परत काढलं. कॉम्प्रेसर बघायला दोन महिन्यांत एकदाच गेलो, तेव्हा खरंच चालू होता. वॉचमन टायरमध्ये हवा भरत होता.

बाराशेचं मात्र अजून पटलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, वहीत लिहा. लिहिलं. राग, आज ४०.