'वसीयत' पुन्हा बघायचा असेल तर आधी कुलर बंद करा

'ब्योमकेश बक्शी' या गुप्तहेर मालिकेतला 'वसीयत' हा भाग एकदा बघून झाला की खुनी कोण ते कळलेलं असतं. तरी तो दुसऱ्यांदा बघावाच, आणि या वेळी सत्यवतीसाठी बघावा.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथांवर बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी ही मालिका केली. पहिलं पर्व 1993चं, दुसरं 1997चं, दोन्ही मिळून 34 भाग. 'वसीयत' पहिल्या पर्वात आहे. करालीबाबू हा पैसेवाला, तऱ्हेवाईक म्हातारा. घरात पाच आश्रित नातेवाईक. एकावर राग आला की मृत्युपत्र फाडायचं आणि दुसऱ्याच्या नावे करायचं, ही त्याची रीत. एके दिवशी तो मेलेला सापडतो. रक्त नाही, झटापट नाही, मानेत मागून टोचलेली एक सुई तेवढी. मालमत्ता सुकुमारला मिळणार म्हणून पोलीस त्यालाच धरतात. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यांवरून पेटलेली भाऊबंदकी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे घर समजावून सांगावं लागत नाही.

सत्यवती ही सुकुमारची बहीण. भाऊ फासावर जाईल या धास्तीनं ती ब्योमकेशकडे मदत मागते. एकीकडे पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस, दुसरीकडे संशयिताची सख्खी बहीण. प्रेम जमायला याहून गैरसोयीची जागा नाही, आणि तरी ते जमतं. गाणं नाही, बाग नाही. ब्योमकेश झालेला रजित कपूर आवाज चढवत नाही. सुकन्या कुलकर्णी, म्हणजे आपल्याला 'आभाळमाया'मुळे घरची झालेली सुधा, सत्यवतीला रडकी होऊ देत नाही. ब्योमकेशचा मित्र अजित, म्हणजे के. के. रैना, सोबत असतो. दुसऱ्यांदा बघताना त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा, मित्राचं काय चाललंय ते तिथे वाचता येतं. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. त्याला भेटावी तर सत्यवतीच, ही शरदिंदूंची गंमत फार गोड आहे.

उणं एवढंच की उलगडा बोलण्यातून होतो आणि तो लांबतो. नातीही पटकन ध्यानात राहत नाहीत. घरी आजी-आजोबांसोबत बघणार असाल तर सुरुवातीलाच कागदावर पाच नावं मांडा: मोतीलाल, माखनलाल, फणिभूषण, सुकुमार, सत्यवती. शेवटच्या दोघांना कंसात धरा, ते सख्खे भाऊबहीण. एवढ्यानं 'हा कोण रे?' निम्म्यानं कमी होतं.

चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं, 4:3 आहे. नवा टीव्ही ते ताणून रुंद करतो आणि सगळे जाडजूड दिसतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. कुणी पडदा भरण्यासाठी वरून-खालून कापलेली प्रत दिली तर घेऊ नका, त्यात डोकी आणि हातातल्या वस्तू कापल्या जातात. या कथेत वस्तूच तर बघायच्या आहेत. संवाद हळू आवाजातले आहेत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात कुलरच्या घरघरीखाली निम्मे बुडतात, आणि टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीतच अंगावर येतं. छोटा स्पीकर ऐकणाऱ्यांच्या जवळ ठेवा, किंवा सरळ भरताच्या दिवसांत, हिवाळ्यात बघा.

क्रम असा ठेवा: आधी 'सत्यान्वेषी', त्यात ब्योमकेश-अजितची ओळख होते. मग 'वसीयत'. त्यानंतर 1997चं पर्व, जिथे सत्यवती ब्योमकेशच्या घरात त्याची बायको म्हणून वावरते.